मी आजारी नव्हते

नागपूरच्या मासिकाचा नवा अंक मेहकरच्या वाचनालयात आल्याचं कळलं, तसं शाळा सुटल्याबरोबर सत्यभामाबाई तिकडे गेल्या. वाचनालय म्हणजे पेठेतल्या एका किराणा दुकानावरची माडी. शनिवारची दुपार बायकांसाठी राखलेली असे. एरवी त्या आल्या की आधी वर्तमानपत्र चाळत, कारण घरी म्हाताऱ्या वडिलांना त्यातलं सांगावं लागे. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राला हात लावला नाही. मासिक उचललं आणि खिडकीशी उभ्यानंच पानं उलटायला सुरुवात केली.

त्यांचा लेख आला होता. नाव छापू नका असं त्यांनी कळवलं होतं, ते संपादकांनी पाळलं होतं. लेखाखाली नुसतं ‘एक भगिनी’ असं होतं. मजकुरातला एक कानाही बदललेला नव्हता. मथळा मात्र बदलला होता. त्यांनी वर लिहिलं होतं, ‘मी आजारी नव्हते’. छापलं होतं, ‘अघोरी उपचाराची बळी’. आणि खाली संपादकांची टीप होती की, खेडोपाडी अजूनही चालू असलेल्या डागण्याच्या रानटी प्रथेवर एका भगिनीने स्वानुभवाने टाकलेला हा प्रकाश प्रत्येक सुशिक्षित घरात पोचावा.

सत्यभामाबाईंनी टीप पुन्हा वाचली. शाळेत एखाद्या मुलीनं गणित बरोबर मांडावं आणि उत्तर भलतंच लिहावं, तेव्हा त्या जशा वहीकडे पाहत तशा त्या पानाकडे पाहत राहिल्या. मग अंक जागेवर ठेवला आणि जिना उतरल्या.

वऱ्हाडातल्या खेड्यांत लेकराला कावीळ झाली की डाग देत. जाणता माणूस दिवस उगवायच्या आत यायचा, विळ्याचं टोक चुलीत लाल करायचा आणि मनगटावर नाहीतर बेंबीच्या बाजूला टेकवायचा. लेकरू किंचाळायचं, माय तोंडात पदर कोंबून रडायची. मग लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. पुढे पथ्य. तेल नाही, मीठ नाही, भाकरी नाही. मूठभर फुटाणे आणि कोरडा भात. चूक असेल, पण त्यात हेतू लेकरू वाचावं हाच असे.

सत्यभामेची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. वडिलांनी, किसनरावांनी, वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. रुखमाबाई आली, पुढे तिला मुलगा झाला, उत्तम. रुखमाबाई अडाणी होती, पण भोळी नव्हती. गाव काय बघतं आणि काय बघत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पहिल्यांदा झालं ते उत्तमचं दूध उतू गेलं म्हणून. पोरगी चुलीपाशी बसली होती आणि तिचं लक्ष नव्हतं. रुखमाबाईनं विळा चुलीत घातला. पोरीच्या ओरडण्यानं शेजारची गोजरबाई धावत आली, तर रुखमाबाई शांतपणे म्हणाली की पोरीचे डोळे पिवळे पडलेत, जाणता परगावी गेलाय, म्हणून मीच डागते. गोजरबाईनं पोरीचे डोळे पाहिलेसुद्धा नाहीत. कावीळ म्हटल्यावर पाहायचं काय? तिनं खाली बसून पोरीचे पाय घट्ट धरले, कारण पाय धरावेच लागतात. आणि नंतर घरी जाऊन गुळाचा खडा घेऊन आली.

त्यानंतर त्या घरात कावीळ वरचेवर येऊ लागली. मडकं फुटलं की यायची. पोरगी मोठ्यानं हसली की यायची. काहीच घडलं नाही तरी यायची. दर वेळी मागून पथ्य असेच. घरात भाकरी थापल्या जात असताना पोरगी कोपऱ्यात बसून फुटाणे चघळायची, आणि कुणी विचारलं तर सगळ्यांना पटेल असं उत्तर तयार असे. विहिरीवर बायका तिच्यादेखत म्हणत, सावत्र असून केवढं करते हो पोरीचं, सख्खी काय करीन.

यातलं सगळ्यात वाईट काय असेल तर ते हे, की पोरीलाही तेच खरं वाटे. आपल्या अंगात काहीतरी खराब आहे, ते जळल्याशिवाय जात नाही, असं ती धरून चालली. हौदाच्या पाण्यात वाकून ती आपले डोळे पाही. ते पिवळे नसत. तेव्हा तिला वाटे की पाण्यात पिवळं दिसत नसेल.

अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासूनं पहिल्यांदा न्हाऊ घातलं तेव्हा पाठीवरून हात फिरवता फिरवता ती थांबली. “किती डाव कावीय झाली व माय तुले?” तिनं विचारलं. “लई डाव,” पोरगी म्हणाली. सासूनं पुढं विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तिच्या ताटात तुपाची धार पडायला लागली. नवरा दोन वर्षांत तापानं गेला. सासरे, रामराव, खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. त्यांनी सुनेला आधी घरी शिकवलं, मग लोकांचं बोलणं खाऊन अमरावतीला मास्तरणीच्या शिक्षणासाठी पाठवलं. तिथं दाखल करून घेताना एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्या मुलींना तपासलं. सत्यभामेनं सवयीनं सांगितलं की मला लहानपणी फार कावीळ व्हायची. डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले. बराच वेळ पाहिले. मग परकराची नाडी सोडायला मदत करून आणखीही पाहिले.

“मुली,” त्या म्हणाल्या, “इतक्या वेळा कावीळ झालेलं लेकरू जगत नाही. आणि मांडीच्या आत कावीळ नसते.”

त्या दिवशी सत्यभामेचं बालपण दुसऱ्यांदा घडलं.

हे सगळं त्यांनी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. मेहकरात त्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागल्या, मुख्याध्यापिका झाल्या. त्यांच्या वर्गात छडी नव्हती. हळू शिकणाऱ्या मुलीपाशी त्या इतका वेळ बसत की बाकीच्या कंटाळत. एखादी मुलगी खूपच शहाण्यासारखी वागली, कधी हट्ट केला नाही, कधी काही सांडलं नाही, की सत्यभामाबाईंना तिची काळजी वाटे, आणि काहीतरी निमित्त काढून त्या तिच्या घरी जाऊन येत.

रुखमाबाई प्लेगात गेली. उत्तमराव शेती बघू लागला. किसनरावांच्या डोळ्यांत सारा उतरला, दिसेनासं झालं, तसं उत्तमरावाच्या बायकोला त्यांचं करणं जड झालं, आणि एका उन्हाळ्यात उत्तमराव त्यांना बैलांच्या दमणीत घालून मेहकरला घेऊन आला. डोळे दाखवायला म्हणून आणलं आणि ठेवून गेला. सत्यभामाबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. त्या घरातलं एवढं एकच माणूस होतं ज्याच्याबद्दल त्यांच्या मनात कडू काही नव्हतं. बा दिवसभर मळ्यात असे. अंधार पडताना येई, तिच्या डोक्यावर हात ठेवी, “जेवली का बाई?” म्हणे, आणि ती हो म्हणे. त्याला काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यानं विळा हिसकून घेतला असता. लहानपणी कोपऱ्यात पडल्या पडल्या ती हेच चित्र बघायची: बा दारातून येतो, विळा हिसकतो. त्या चित्रावरच ती मोठी झाली होती.

आणि म्हणूनच त्यांना ते बाला सांगायचं होतं. त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरी, तू आजारी नव्हतीस, आणि मला कळलं असतं तर मी हे होऊ दिलं नसतं. एवढं एक वाक्य. त्याच्यासमोर बसून सांगायला जीभ रेटेना. बारा वर्षांची मुलगी पाठ केलेली कविता वर्गात विसरते, तसं त्यांचं होई. मग त्यांनी ठरवलं की लिहावं, छापून यावं, चार लोकांनी वाचून म्हणावं की केवढा हा छळ. आणि मग नेहमीसारखं वर्तमानपत्रातलं सांगता सांगता हेही वाचून दाखवावं.

चार लोकांनी वाचलं. पण चारजण म्हणाले ते निराळंच.

वाचनालयात वकिलांच्या बैठकीत त्या लेखाची दोन आठवडे चर्चा झाली. एक म्हणाले, आपल्या शेतकरी समाजाचं अज्ञान पाहून मान खाली जाते. दुसरे म्हणाले, बायकांना वाढवून लिहायची सवय असते, निम्मं खरं धरावं. तिसरे म्हणाले, वाढवलं असेल, पण त्या सावत्र आईचीही कीव येते. बिचारीनं आपल्या परीनं पोरीला बरं करायची धडपड केली. यावर सगळ्यांच्या माना हलल्या. बायकांच्या शनिवारी एका पुजाऱ्याच्या घरची सून म्हणाली की तिनं तीनदा वाचलं आणि तीनदा रडली, आणि रडल्यावर इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. पुढच्या अंकात आणखी आहे का हो? शाळेतल्या सुलभाबाईंना सगळ्यात आवडलं होतं ते वडिलांचं पात्र. त्यांनी ते वाक्य म्हणूनही दाखवलं: ‘बा दिवसभर मोट हाकत असायचा, त्याला कधीच काही कळलं नाही.’ किती सहजपणे क्षमा केलीय, त्या म्हणाल्या.

सत्यभामाबाई ऐकून घेत होत्या. त्यांनी सरळ लिहिलं होतं की तिला कावीळ नव्हती. दूध उतू गेलं म्हणून, मडकं फुटलं म्हणून, असं कारणासकट लिहिलं होतं. तरीही डागणं हा शब्द दिसला की वाचणाऱ्याचे डोळे तिथंच थांबत आणि पुढचं सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं जाई. गोजरबाईनं तरी काय वेगळं केलं होतं? ती अडाणी होती, हे शिकलेले होते. पोरीचे डोळे कुणीच पाहिले नव्हते.

माघात गावात शिशुसप्ताह भरला. वकिलांच्या पत्नी स्नेहलताबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्या पुण्याच्या, बोलणं लखलखीत, आणि कामाला वाघ. त्या शाळेत आल्या आणि म्हणाल्या की समारोपाच्या दिवशी तो मासिकातला लेख जाहीर वाचायचा ठरलाय. खेड्यातल्या आया येणार आहेत. त्यांच्या डोळ्यांत अंजन पडलं पाहिजे. “वाचा मात्र तुम्हीच, बाई. तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.”

सत्यभामाबाईंनी हो म्हटलं. स्नेहलताबाई गेल्यावर त्यांना कळलं की आपण का हो म्हटलं. बाला घेऊन जाता येईल. समोर बसून सांगता येत नव्हतं ते, भरल्या सभेत, दुसऱ्या कुणाचं म्हणून वाचता येईल.

समारोप शाळेतच होता. सकाळी बाळांची वजनं झाली, गुटगुटीत बाळांना साबणाच्या वड्या आणि झबली मिळाली. तिसऱ्या प्रहरी पडवीत सतरंज्या घातल्या. आत बायका दाटीनं बसल्या; पुरुषमंडळींसाठी बाहेर ओट्यावर बाकं टाकली होती. सत्यभामाबाईंनी किसनरावांना आणून कडेच्या बाकावर, दाराच्या अगदी लगत बसवलं. काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून ते मान एका बाजूला कलती करून बसले.

सत्यभामाबाई वाचू लागल्या. आपलंच लिहिलेलं आपल्याच आवाजात ऐकताना त्यांना सुरुवातीला परकं वाटलं, आणि त्याचीच मदत झाली. दुधाचं वाचलं. गोजरबाईचं वाचलं. फुटाण्यांचं वाचलं. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. हौदातल्या पाण्याचं वाचताना त्यांचा स्वर जरा हलला, पण मुलींना पाढे सांगितल्यासारखा त्यांनी तो सरळ केला. ‘बा दिवसभर मोट हाकत असायचा; त्याला कधीच काही कळलं नाही,’ हे वाचताना त्यांनी दाराकडे पाहिलं. किसनरावांची मान तशीच कलती होती.

वाचून झालं. कुणीतरी हुंदका दिला. स्नेहलताबाई उठल्या आणि म्हणाल्या की भगिनींनो, हे दूर कुठलं नाही, आपल्यातलंच आहे. आज सकाळीच एका बाळाच्या पोटावर मी ताजा डाग पाहिला. त्यांनी सतरंजीवर नजर फिरवली आणि तिसऱ्या रांगेतल्या एका तरुण बाईला हाक मारली. ती जवळच्या खेड्यातली, गीताबाई नावाची. पहिलंच मूल, अजून बोळकंही भरलेलं नव्हतं. तिला वाटलं बक्षीस असेल. ती लगबगीनं पुढे आली. स्नेहलताबाईंनी मूल तिच्याकडून घेतलं, झबलं वर केलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. बेंबीपाशी डाळीएवढा डाग होता, कडेनं लालसर.

“हे बघा,” त्या म्हणाल्या. “ही आई आणि त्या लेखातली ती आई, दोघी एकच. अज्ञान! पोटच्या गोळ्याला भाजणारं अज्ञान.”

सगळ्या सभेनं गीताबाईकडे पाहिलं. आत्ता ज्या डोळ्यांत पाणी होतं त्याच डोळ्यांनी पाहिलं. गीताबाईला काय झालं ते पुरतं कळलं नाही, पण एवढं कळलं की ज्या बाईनं पोरीला जाळून उपाशी ठेवलं तीच ही, असं सगळे म्हणतायत.

“मी नाई जी तशी,” ती म्हणाली. “त्याचे डोये हयदीवानी पिवये झाल्ते. दूध पेत नवता. मी तीन रोज पाणीबी नाई घेतलं. मी नाई जी तशी.”

मूल रडायला लागलं. ते आईकडे झेपावत होतं आणि स्नेहलताबाईंना ते सावरेना, तरी झबलं वर धरलेलंच होतं.

सत्यभामाबाई शाळेत, सभेत, कुठेही शुद्ध बोलत. अमरावतीला तेच त्यांना शिकवलं होतं. पण त्या उठल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं ते त्या कोपऱ्यातल्या पोरीचं बोलणं होतं.

“लेकरू दे तिचं तिले,” त्या म्हणाल्या.

स्नेहलताबाईंनी दचकून मूल दिलं. गीताबाईनं ते पदराखाली घेतलं आणि भिंतीशी पाठ करून बसली.

“तो लेख माहा हाय,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मी लिवला. अन् ह्या दोघी एक नाईत. हिनं लेकरू वाचावं म्हणून डागलं. तिनं मले कावीय होती म्हणून नाई डागलं. मले कावीय नवतीच. मी आजारी नवती. तिले मी नको होती, म्हणून डागलं. तुमी समद्यांनी वाचलं, रडल्या, पण हे कोनीच नाई वाचलं.”

पदराखाली बाळ पीत होतं. सत्यभामाबाईंना वाटलं, आता कुणीतरी बोलेल. त्या वाट पाहत उभ्या राहिल्या, उत्तर न येणाऱ्या वर्गापुढे राहत तशा.

बोलल्या त्या स्नेहलताबाईच. जवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून, मनापासून. त्या म्हणाल्या की बाई, तुम्ही किती सोसलंय ते आम्हाला कळतंय; पण लहान मुलाला वेदना तेवढी आठवते, मोठ्यांचा हेतू कसा कळणार? आई कशीही असली तरी जाणूनबुजून असं करील का? आता मनात अढी ठेवू नका. पुजाऱ्याच्या घरची सून दुसऱ्या बाजूनं आली. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. तिनं सत्यभामाबाईंचा हात हातात घेतला आणि हळूच, अगदी मायेनं विचारलं, “डाग अजून आहेत का हो? दाखवता?”

सत्यभामाबाईंनी हात सोडवून घेतला. मासिक टेबलावर होतं, ते तिथंच राहू दिलं. बाहेर येऊन त्यांनी किसनरावांना उठवलं, आणि दोघं फाटकातून बाहेर पडली.

घर पैनगंगेच्या बाजूला, गावाबाहेरच्या आळीत होतं. ऊन उतरलं होतं. वाटेत दोन्ही बाजूंना तुरी काढलेली रानं होती आणि धसकटं उभी होती. किसनराव काठीनं चाचपत चालत होते. एका हातानं त्यांनी मुलीचं मनगट धरलं होतं. पुलाच्या अलीकडे निंबाचं झाड होतं, तिथं ते थांबले. सत्यभामाबाईंना वाटलं दम लागला असेल.

“बाई,” ते म्हणाले, “तू ते वाचलं नं, बाले काई कयलं नाई म्हणून.”

“हाव, बा.”

“ते खोटं हाय. बाकी समदं बराबर लिवलं. ते एक खोडून टाक.”

रस्त्यानं एक गाडी सरकीची पोती घेऊन चालली होती. ती पुढं जाईपर्यंत किसनराव थांबले.

“तुले कावीय नवती,” ते म्हणाले. “तवा माहे डोये धड होते. मले दिसे.”

हे ते वाक्य होतं. याच्यासाठी त्यांनी लिहिलं होतं, याच्यासाठी सभेत वाचलं होतं. तू आजारी नव्हतीस. जगात दुसरं कुणी म्हटलं नव्हतं, बानं म्हटलं.

“मंग काऊन बोल्ला नाई?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच लहान वाटला.

म्हाताऱ्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले. तो सांगत गेला आणि सांगताना एकदाही मुलीकडे तोंड केलं नाही. एकदा तो रुखमेला बोलला होता. तेव्हा ती तान्ह्या उत्तमला घेऊन माहेरी निघाली होती. पहिली बायको मेलेली, दुसरी निघून गेली तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती, पोरगं हातचं गेलं असतं. मग तो बोलला नाही. पोरीचं काय, आज ना उद्या लग्न होऊन जाईल, असं म्हणत गेला. घरात असलं की ऐकू येई. म्हणून घरात थांबत नसे, मळ्यात जाई.

“मया घरामागंच होता,” तो म्हणाला. “तुहा आवाज तेथलोक ये. मोट चालू असली का चाकाच्या कुरकुरीत आयकू ये नाई. म्हणून मी मोट हाको. पाणी नसलं पायजे तवाबी हाको. एक साल त्यानं कांदा सडला.”

सत्यभामाबाईंना मोटेचा आवाज आठवला. तो त्यांना आवडायचा. कोपऱ्यात पडल्या पडल्या त्या तो ऐकत आणि त्यांना वाटे, बा जवळच आहे. आत्ता हाक मारली तर येईल. हाक मात्र कधी मारली नव्हती. त्याच्या कामात खोळंबा नको म्हणून.

त्यांना राग यावा असं त्यांना वाटत होतं. रुखमाबाईचा राग करून झाला होता, गोजरबाईला माफ करून झालं होतं. त्या दोघींची ओझी कुठं ठेवायची ते त्यांना माहीत होतं. पण दारातून येणारा, विळा हिसकणारा जो माणूस होता, त्याच्याशिवाय त्या घरात त्यांनी कधी डोळेच मिटले नव्हते. तो माणूस नव्हता. कधीच नव्हता. ती पोरगी त्या कोपऱ्यात पहिल्यापासून एकटी होती, आणि हे तिला आज, पंचेचाळिसाव्या वर्षी, पुलाजवळ उभं राहून कळत होतं.

“मले आता उत्तमकडं धाडशीन का?” किसनरावांनी विचारलं. विचारताना त्यांचा चेहरा शाळेत चुकलेल्या मुलाचा झाला होता. अशा चेहऱ्याला सत्यभामाबाईंनी आजवर कधी कठोर उत्तर दिलं नव्हतं.

“नाई,” त्या म्हणाल्या. “चाल. थंडी पडून राह्यली.”

पुढे पूल होता. त्याला कठडा नव्हता. किसनरावांनी सवयीनं हात पुढे केला आणि हवेत तसाच धरून ठेवला. सत्यभामाबाई त्या हाताकडे पाहत राहिल्या. सुरकुतलेला, मोटेच्या दोरीनं तळव्याला घट्टे पडलेला हात. म्हातारा हाक न मारता उभा होता. आपल्याला किती वाट पाहावी लागेल हे विचारायचा हक्क नाही, असं त्याला ठाऊक असल्यासारखा.

मग त्या खाली वाकल्या. काठीचं जमिनीवर टेकलेलं टोक त्यांनी उचललं, ते आपल्या हातात धरलं, आणि मागे न बघता त्याला पुलावरून पलीकडे घेऊन गेल्या.